हातात बाळ असताना

६ जानेवारी १९७५, सोमवार

आज पुन्हा झालं. खाट नं. ४ ची मुलगी, जेमतेम तासाभराची, लेबर रूममधून वॉर्डात नेत होते. पॅसेजच्या मध्यावर आले आणि फरशी डावीकडे उतरत गेल्यासारखी वाटली. चक्कर नव्हे. चक्कर मला माहीत आहे, तिच्यात सगळं फिरतं. यात काही फिरत नाही. फक्त पाय कुठे आहेत ते पायांना कळेनासं होतं. खांदा भिंतीला टेकवला, मुलीला छातीशी धरलं आणि उभी राहिले. पाच-सहा श्वास. मग गेलं. कुणी पाहिलं नाही. मुलगी झोपेतच होती.

ही डायरी ह्यांनी होटगी स्टेशनातून आणलेली. हे तिथे पार्सल क्लार्क. विद्याला शाळेसाठी दिली तर ती म्हणाली, आई, यावर इंजिनाचं चित्र आहे, मुली हसतील. म्हणून माझ्याकडे आली. बोलता येत नाही ते इथे लिहीन.

अंग दुखायला लागून दोन वर्षं होतील. मान, खांदे, कमरेच्या दोन्ही बाजू, कोपरं, गुडघ्यांची आतली बाजू. विद्यानं लाडानं गळ्यात हात टाकला तरी कळ जाते. सकाळी उठताना कुणी धोपटून काढल्यासारखं अंग असतं. झोपून उठल्यावर माणूस ताजं होतं म्हणतात, मी झोपून उठले की जास्त थकलेली. त्याची सवय झाली होती. दुखणं काय, ज्याचं त्याला. पण तोल जाणं माझ्यापुरतं नाही. प्रसूतिगृहात माझ्या हातात दुसऱ्याचं मूल असतं.

९ जाने., गुरुवार

न्हाणीघरात कळलं ते लिहून ठेवते. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि मागे गेले. बादलीचा काठ हाताला लागला म्हणून वाचले. नंतर मुद्दाम करून पाहिलं, डोळे उघडे ठेवून. नीट उभी राहिले. मिटले की झुलते.

म्हणजे मी डोळ्यांनी उभी राहते, पायांनी नाही.

आता पाटावर बसून अंघोळ. एक हात खिडकीच्या गजाला धरलेला. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, एवढा वेळ काय करतीस गं आत.

११ जाने., शनिवार

भाकरी विद्याच थापते आता. चौदा वर्षांची पोर, शाळेत जायच्या आधी सहा भाकऱ्या. माझे तळवे परातीवर आपटले की ठणक खांद्यापर्यंत जाते. सासूबाईंना वाटतं मी पोरीला कामाला लावून नोकरीचा तोरा मिरवते. तसं म्हणत नाहीत. पण काल विद्याच्या भाकरीचा पापुद्रा मोडून म्हणाल्या, "बरी झाली हाय. आईला बी शिकीव की."

जिन्याच्या पंधरा पायऱ्या. कठडा नाही. खालच्या नळावरून पाणी आणायचं तर एका हाताला बादली आणि दुसरा भिंतीवर. अर्धी बादली नेते, खेपा दुप्पट. वर पोचले की पायरीवर बसून घेते. खालच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी विचारलं, दिवस गेलेत का. अडतिसाव्या वर्षी. हसले.

१५ जाने., बुधवार

काल सासूबाईंना घेऊन यात्रेला गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण संक्रांतीला सिद्धेश्वराला न जाणं आमच्या घरात चालत नाही. गर्दीत कुणीतरी नुसतं घासून गेलं आणि मी विद्यावर आदळले. मग सगळा वेळ तिच्या खांद्याला धरून चालले. ती म्हणाली, "आई, नखं लागतायत." एका बांगड्यांच्या दुकानापाशी बसून राहिले, त्यांना पुढे पाठवलं. बांगडीवाल्यानं पाणी दिलं. लोकांच्या पायांकडे बघत बसले होते. सगळी किती सहज चालतात.

१८ जाने., शनिवार

वॉर्डात मी आता युक्त्या करते. बाळ न्यायची वेळ आली की हात धुवायला जाते. "नरसव्वा, माझे हात ओले आहेत, तेवढं सातला नेऊन दे." नरसव्वा आमची आया. शहराच्या पूर्वभागातली, घरी तेलुगू, नवरा मागावर विणकर. वॉर्डात ती माझ्याही आधीपासून आहे. दोनदा काही बोलली नाही. आज म्हणाली, "सिस्टर, तुमचे हात आजकाल लई ओले असतात."

आणि बाळ घेऊन गेली.

तपमान घेतलं की नाही तेही आज आठवेना. पुन्हा घेतलं. बाळंतीण म्हणाली, आताच तर घेतलं की. डोक्यात कापूस भरल्यासारखं.

२० जाने., सोमवार

पडले.

उकळलेल्या सिरिंजांचा ट्रे घेऊन येत होते. पॅसेजमध्येच. यावेळी भिंत हाताशी नव्हती. डाव्या गुडघ्यावर आले, ट्रे लांब गेला. काचेच्या पाच सिरिंजा फुटल्या. आवाजानं मेट्रनबाई धावत आल्या.

"काय झालं? फरशी ओली होती का?"

मी हो म्हटलं.

एवढंच. दुसरा शब्द नाही. नरसव्वानं अर्ध्या तासापूर्वी पुसून घेतलं होतं, फरशी केव्हाच वाळली होती. मेट्रनबाईंनी तिला सगळ्यांसमोर बोलावलं. "सुक्या फडक्यानं पुसायला किती वेळा सांगायचं? उद्या कुणी बाळ घेऊन पडलं तर?" नरसव्वा म्हणाली, "मी सुकंच केलतं बाई." मेट्रनबाईंनी शेऱ्याची वही काढली. तिच्या नावावर आधी उशिरा येण्याचा एक शेरा आहे. हा दुसरा. तिसऱ्याला घरी बसवतात.

मी गुडघ्याला बर्फ लावून बसले होते. 

२१ जाने.

नरसव्वानं विचारलं, "लागलं का लई, सिस्टर?" मी म्हटलं, नाही गं. तिनं माझ्यासाठी स्टूल पुढे केलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुडघा सुजलाय. घरी सांगितलं, जिन्यावर घसरले.

२५ जाने., शनिवार

हे म्हणाले, "आठ दिवस रजा घे. वैरागला तुझ्या अक्काकडे जाऊन ये." मी म्हटलं, रजेनं जायचं असतं तर दिवाळीत गेलं असतं, तेव्हा दहा दिवस घरीच होते. "मग डॉक्टरला दाखव. तू स्वतः दवाखान्यात, आणि घरात हे चाललंय." बरोबरच आहे. पण हे फक्त दुखण्याचं बोलतात. बाळांचं ह्यांना मी सांगितलेलं नाही. सांगितलं की ते खरं होईल.

२९ जाने., बुधवार

मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. आमच्या दवाखान्यातले नव्हेत, मुद्दाम दुसरीकडे. मणक्यांचा एक्स-रे, रक्त, लघवी. सगळं नॉर्मल. संधिवात नाही. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर आधी ह्यांच्याशी बोलले.

"घरी काही ताण आहे का?"

हे म्हणाले, नाही.

मग मला. "बाई, या वयात होतं असं. मन रमवा. बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं घ्या." तोल जातो म्हटलं तर म्हणाले, "अशक्तपणा." डोळे मिटल्यावर जातो म्हटलं तर म्हणाले, "मग मिटू नका." हे हसले. मीही हसले. बाहेर आल्यावर रिक्षात रडू आलं. हे घाबरले. म्हणाले, "अगं, नॉर्मल आहे म्हणतायत, मग रडतेस कशाला?"

काहीतरी निघायला हवं होतं. असं वाटलं हे कुणाला सांगू.

४ फेब्रु., मंगळवार

इंजेक्शनं चालू. फरक नाही. सासूबाईंनी कपाळाला विभूती लावली आणि हात डोक्यावर ठेवून बराच वेळ बसल्या. त्यांचा हात जड नव्हता. तेवढा वेळ बरं वाटलं.

वॉर्डात भिंतीच्या कडेनं चालते. पॅसेजमध्ये भिंत नेहमी उजव्या हाताला. बाळ असेल तर डाव्या हातावर जास्त भार आणि उजवा खांदा भिंतीला. कुठे कपाट मध्ये येतं ते पाठ झालंय. दोन कपाटं आणि एक दार. दाराशी आधाराला काही नाही. तिथे श्वास धरते.

७ फेब्रु.

रात्रपाळी बदलून घेतली. मेट्रनबाईंनी कारण विचारलं. विद्याची परीक्षा म्हटलं. आणखी एक खोटं. अंधुक उजेडात मला जमिनीचा अंदाज येत नाही हे कुणाला कसं सांगायचं.

१२ फेब्रु., बुधवार

कोपर बांधलेलं आहे. तरी लिहिते.

मोडनिंबची लक्ष्मी, खाट नं. ७. लग्नाला सात वर्षं, मधे दोन गेलेली. सकाळी साडेदहाला मुलगा झाला. चांगला, रडका, सहा पौंडांच्या वर. सगळं आवरून तिला वॉर्डात आणली. मी नेहमीसारखी हात धुवायला निघाले तर ती म्हणाली, "सिस्टर, तुमीच आणून द्या की त्याला. तुमच्या हातानं झाला हाय."

नाही कसं म्हणणार.

दुपट्यात गुंडाळला, उचलला. भिंतीच्या कडेनं निघाले. पहिलं कपाट, दुसरं कपाट. दाराशी आले, भिंत संपली, आणि जमीन गेली. या वेळी झुकल्यासारखं नव्हतं, गुडघेच नव्हते. मला कळलं की मी आता पडणार. तेवढाच क्षण मिळाला. पुढे पडले असते तर तो माझ्याखाली आला असता. मी मागे पडले. मुद्दाम. दोन्ही हातांनी त्याला छातीवर आवळला आणि पाठीवर गेले. डोकं दाराच्या चौकटीला लागलं.

तो रडायला लागला. त्याचं रडणं ऐकून माझा श्वास सुटला. हात, पाय, डोकं सगळं चाचपलं. टाळू पाहिली. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. माझ्या कोपराला रक्त होतं, ते त्याच्या दुपट्याला लागलेलं, म्हणून आधी जीव गेला.

नरसव्वा समोर उभी होती. बादली हातात. तिनं बादली खाली ठेवली, बाळ माझ्या हातातून घेतलं, दुपटं बदललं आणि लक्ष्मीला नेऊन दिलं. मग परत आली आणि मला धरून स्टुलावर बसवलं.

"फरशी कोरडी हाय," ती म्हणाली.

मी कोपर पुसत होते.

"त्या दिवशी बी कोरडीच होती. व्हय की न्हाय?"

मी मान हलवली.

ती म्हणाली, "मी कुणाला सांगणार न्हाय. तुमी सांगा."

१३ फेब्रु., गुरुवार

सांगितलं.

आधी ठरवलं होतं फक्त डॉ. बाईंना सांगावं. (डॉ. बाई म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर, साठीच्या, कडक.) पण खोलीत मेट्रनबाईही होत्या. बरंच झालं. एकदाच बोलावं लागलं. सिरिंजांचं सांगितलं, फरशी कोरडी होती ते सांगितलं. कालचं सांगितलं. किती महिने चाललंय तेही.

मेट्रनबाई म्हणाल्या, "महादेवी सिस्टर, बाळ पडलं असतं तर?"

"हो."

"तुम्ही इतके दिवस बाळं उचलत होता, हे माहीत असून?"

"हो."

त्यांनी शेऱ्याची वही काढून नरसव्वाच्या पानावरची ओळ खोडली, बाजूला सही केली. मग उठून गेल्या.

डॉ. बाईंनी दार लावलं. म्हणाल्या, पाय जुळवून उभ्या राहा. राहिले. आता डोळे मिटा. मिटले. मला वाटलं मी सरळ आहे, तोवर त्यांचे हात माझ्या दंडाला लागले. त्यांनी धरलं होतं. मग एका पायावर. उजवा उचलला, लगेच टेकवला. मग त्या अंगठ्यानं एकेक जागा दाबत गेल्या. मानेच्या मुळाशी, खांद्यावर, कोपराच्या बाहेर, गुडघ्याच्या आत. प्रत्येक जागी डोळ्यांत पाणी. कपाळावर दाबलं, नडगीवर दाबलं, तिथे काही नाही. पुन्हा खांदा, न सांगता. पुन्हा तीच कळ.

खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, हे काय आहे त्याला मला नाव देता येत नाही. औषधही माझ्याकडे नाही. पण तुम्हाला दुखतंय आणि तुमचा तोल जातोय, हे खरं आहे. तुम्ही बनवून सांगत नाही."

दोन वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

लगेच पुढे म्हणाल्या, "आजपासून बाळ उचलायचं नाही. उभ्याचं काम नाही. तपासणीच्या खोलीत बसा, गरोदर बायकांची नोंद घ्या. पुढचं विश्वस्त ठरवतील. मला त्यांना कळवावं लागेल."

१४ फेब्रु., शुक्रवार

लक्ष्मीलाही सांगितलं. डॉ. बाई म्हणाल्या मी सांगते, पण तिनं माझ्या हाती दिलं होतं.

खाटेशेजारी बसून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता बाळाचं दुपटं सोडलं. झबलं काढलं. एकेक हात, एकेक पाय, बोटं, पाठ, मान, सगळं बघितलं. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी तपासलंय, काही नाही झालेलं. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. बाळाला पदराखाली घेतलं आणि कूस बदलली.

खाटेवर राहिलेलं झबलं घडी घालून ठेवलं आणि उठले.

१६ फेब्रु., रविवार

ह्यांना कालच सांगितलं होतं. आज बोलले.

"तुला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"ती आया सांगणार होती?"

"नाही म्हणाली."

"मग?"

मग काय. मी म्हटलं, तिच्या नावावर शेरा होता. हे म्हणाले, "शेऱ्यापुरतं सांगायचं. बाकीचं कशाला? आता अनफिट ठरवून घरी पाठवतील. विद्याला मॅट्रिक झाल्यावर पुढे शिकवायचं म्हणतेस, कशावर?" सासूबाई आतून ऐकत होत्या. ह्यांचा आवाज चढलेला नव्हता. तेच वाईट वाटलं. चढला असता तर मलाही चढवता आला असता.

मी म्हटलं, "ते बाळ विद्या असती तर?"

हे शर्ट घालून बाहेर गेले.

१९ फेब्रु., बुधवार

लक्ष्मी घरी गेली. जाताना सगळ्यांना पेढे वाटले. नरसव्वाच्या हाती माझा पेढाही ठेवला, पण तपासणीच्या खोलीकडे आली नाही. पेढा खाल्ला नाही, विद्याला आणला.

नरसव्वाला म्हटलं, माझं चुकलं. ती फडकं पिळत होती. म्हणाली, "तीन आठवडे माझं नाव तितं होतं, सिस्टर. घरात सांगितलं तर नवरा म्हणाला, तूच ओली ठेवली असशील." फडकं झटकलं आणि गेली. खोडलेली ओळ म्हणजे न लिहिलेली ओळ नव्हे, हे मला कळतं.

२३ फेब्रु., रविवार

हे होटगीहून लोखंडी पाइपचा तुकडा घेऊन आले. सरळ न्हाणीघरात शिरले. भिंतीला दोन भोकं पाडली, सिमेंट भरलं, पाइप बसवला. कमरेच्या उंचीवर. मला बोलावलं. "धरून बघ. नाही, आज नको, वाळू दे." मग जिन्यापाशी जाऊन उभे राहिले आणि हातानं अंदाज घेत होते, कठडा कुठून कुठे.

सासूबाई म्हणाल्या, "घरमालकाला विचारलंस का?" हे म्हणाले, "विचारीन की."

१ मार्च, शनिवार

डॉ. बाईंनी सांगितलेलं करते. रोज सकाळी टेबलाला धरून एका पायावर. आधी दोन्ही हातांनी, मग एका, मग दोन बोटांनी. संध्याकाळी शहाबादी फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावून चालायचं. विद्या बाजूनं चालते. आज चार पावलांवर तोल गेला. विद्यानं धरलं. तिला खेळ वाटतो. मग रेघेवरून ती स्वतः चालून दाखवते, मागे वळून, डोळे मिटून.

सासूबाई पाहत होत्या. मी एकदा जोरात झुकले तेव्हा त्या तटकन उठल्या. "एनातव्वा?" घाबरल्या की कानडीच येतं त्यांच्या तोंडात. मी म्हटलं, काही नाही झालं. तेव्हापासून विद्या शाळेत असली की त्या येऊन भिंतीशी उभ्या राहतात. धरत नाहीत. नुसत्या उभ्या.

८ मार्च, शनिवार

वाईट आठवडा. पाच दिवस काही जमलं नाही. केस विंचरायला हात वर जाईना. विद्यानं वेणी घातली. तपासणीच्या खोलीत खुर्चीत बसूनही दुपारी इतकी गळाले की वहीवर डोकं ठेवलं. एका गरोदर बाईनं हलवलं. "बरं न्हाय का सिस्टर? मी जाऊ का, उद्या येऊ?"

मागच्या शनिवारी सहा पावलं गेली असती असं वाटलं होतं. आज दोन. का कमी, का जास्त, काही हिशेब लागत नाही. जास्त केलं तरी वाढतं, कमी केलं तरी आखडतं.

१८ मार्च, मंगळवार

विश्वस्तांचं पत्र आलं. ७ एप्रिलला दुपारी भेटायचं. बाहेरचे एक डॉक्टर तपासतील. "कामास योग्य आहे किंवा नाही याचा निर्णय." मेट्रनबाईंनी पत्र हातात दिलं आणि म्हणाल्या, "खरं बोललात म्हणून मी तुमच्या बाजूनं बोलेन. पण वॉर्डात मी तुम्हाला परत घेणार नाही." तेही खरंच.

बाहेरचे डॉक्टर तेच असतील का, बी-कॉम्प्लेक्सवाले?

२७ मार्च

ऊन सुरू झालं. पत्रे तापतात. झोप नाही. सकाळी पायऱ्या उतरताना नवा कठडा धरला, बांबूचा, ह्यांनी आणि खालच्या बिऱ्हाडकरूंनी मिळून बांधला. धरायला काही आहे म्हटलं की धरावं लागतच नाही, निम्म्या वेळा. हेही विचित्र.

विद्या म्हणाली, "आई, तू बरी होणार ना?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू म्हणजे नाही." मी म्हटलं, बघू म्हणजे बघू.

५ एप्रिल, शनिवार

आज काय झालं ते सविस्तर लिहिते, सोमवारच्या आधी.

अकराच्या सुमारास एक बाई आली, बरोबर तिची आई. बार्शीकडून एसटीनं. बसमध्येच कळा सुरू झालेल्या. डॉ. बाई आत सिझेरियनला, मेट्रनबाईही आत, वॉर्डातली सिस्टर त्यांच्याबरोबर. माझ्या खोलीत तपासणीचं टेबल आहे तेवढंच. बाईला वर घेतली आणि पाहिलं तर डोकं दिसत होतं.

मी स्टूल ओढलं आणि बसले. उभी राहिलेच नाही. म्हाताऱ्या आईला म्हटलं, दाराबाहेर जाऊन नरसव्वा म्हणून हाका मारा, जोरात. आणि बाईला म्हटलं, आता जोर नको, तोंडानं श्वास घे, मी सांगेन तेव्हा.

हातांना सगळं आठवत होतं. खांदे दुखत होते, पण ते दुखणं कुठेतरी लांब होतं. नाळ मानेभोवती एक वेढा होती, तो बोटानं सोडवला. मुलगी. निळसर. रडेना. माझ्या मांडीवरच आडवी घेतली, तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या. म्हातारी दारातून विचारत होती, काय झालं, काय झालं हो. मी उत्तर दिलं नाही. मग ती रडली. बारीक, नंतर मोठ्यानं.

नाळेला लावायचे चिमटे चार पावलांवरच्या कपाटात होते. चार पावलं. मी उठले नाही. बाळाला आईच्या पोटावर ठेवलं, वर माझा एक हात, आणि तशीच बसून राहिले.

नरसव्वा आली. न सांगता कपाटातून चिमटे आणि कात्री आणली, मी नाळ कापली. तिनं मुलीला उचललं. दाराशी थांबली.

"बसूनच केलंत?"

"हो."

"बरं केलंत," म्हणाली आणि घेऊन गेली. दीड महिन्यात तेवढंच बोलली माझ्याशी. मग उठायला गेले तर गुडघ्यांनी साथ दिली नाही. डॉ. बाई आल्या तेव्हा मी त्याच स्टुलावर होते. त्यांनी बाईला तपासलं, मग माझ्याकडे पाहिलं. "सोमवारी हे मी सांगेन. बाकीचं तुम्ही सांगा."

घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी मुलीचं वजन विचारलं. हे म्हणाले, "बघ, म्हणजे जमतं की. सोमवारी फक्त हेच सांग." मी म्हटलं, नंतर उठता आलं नाही ते? हे म्हणाले, ते कशाला.

६ एप्रिल, रविवार

अंग ठणकतंय. कालचं आज निघतंय. उजवा हात खांद्यापासून वर जात नाही. तरी दुपारी सगळे झोपल्यावर टेबलाशी बसले. डॉ. बाई म्हणाल्या होत्या, तिथे गडबडायला होईल, काय सांगायचं ते लिहून न्या. विद्याच्या वहीतला कागद घेतला.

पहिली ओळ लिहिली. "मी बाळ घेऊन चालू शकत नाही." ती लिहायला वेळ लागला नाही.

दुसरी ओळ सुरू केली, "पण बसून मी". तिथे थांबले आहे. चहाची वेळ झाली, विद्या उठली, स्टोव्हचा आवाज येतोय. कागद समोरच आहे.